एका दमात इंदापूर

आमच्या सरांनी कुठल्याही पेशंटला "कसं वाटतंय?" असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. ते थेट भांडण काढायचे.

कोरोनाच्या त्या दिवसांत मी बारामतीतल्या एका हॉस्पिटलात सिस्टर होते, अजूनही तिथंच आहे, आणि सर आमचे मोठे डॉक्टर. वॉर्डात शिरले की खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे, पेशंटला गाव विचारायचे आणि त्या गावाची अब्रू काढायला सुरुवात करायचे. माणूस भिगवणचा असला तर, "तुमच्याकडची मासळी म्हणजे नुसता चिखल हो, धुऊन धुऊन हात दुखतात." वडगाव निंबाळकरचा असला तर, "तुमच्या दुधाला फॅट लागत नाही म्हणे. पाणी विहिरीचं घालता की कॅनॉलचं?" आता सांगा, माणूस आजारी, हाताला सलाईन, नाकाला नळी, घरचं कुणी जवळ नाही, आणि हा गृहस्थ दुधातल्या पाण्याची चौकशी करतोय! पहिल्या दिवशी मला वाटलं, ताप ह्यांच्याच डोक्यात गेलाय.

पण सर उत्तर काय आलं ते ऐकायचेच नाहीत. उत्तर किती लांब आलं ते ऐकायचे.

त्याचं असं आहे की आपल्याकडच्या माणसाला तब्येत विचारण्यात काही अर्थ नसतो. जीव कंठाशी आला तरी तो "बरं हाय" म्हणणार. विचारणाऱ्याला उगाच घोर कशाला, असा हिशेब. वर "तुमचं कसं हाय? जेवलासा का?" असं डॉक्टरलाच विचारणार. सर चिडायचे. म्हणायचे, "सिस्टर, 'बरं हाय' हे लक्षण नाही, तो शिष्टाचार आहे. शिष्टाचार बघून मी ऑक्सिजन ठरवत नाही." त्यात हा आजारही लबाड. अंगातला ऑक्सिजन उतरत जायचा आणि माणूस मांडी घालून मजेत बिस्कीट खात बसलेला असायचा. बोटाला लावायचं यंत्र होतंच, एक्स-रे होते, रक्ताचे रिपोर्ट होते, सर ते सगळं बारीक नजरेनं बघायचे. पण गप्प बसलेल्या माणसाच्या बोटावरचा आकडा कुणी कौतुकानं सांगितला की म्हणायचे, "उभ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज काढताय होय?" मग त्या माणसाला चालवायचे, नाहीतर बोलतं करायचे. आणि माणूस मनापासून, लांबलचक, न थांबता कधी बोलतो? भांडताना!

तर सरांच्या हिशेबी पेशंट तीन प्रकारचे. वाक्याचा पेशंट, अर्ध्या वाक्याचा पेशंट आणि शब्दाचा पेशंट. एका दमात अख्खं वाक्य फेकून मारणारा तो वाक्याचा. त्याची काळजी नाही. मधेच थांबून श्वास घेणारा तो अर्ध्या वाक्याचा, त्याच्यावर डोळा ठेवायचा. आणि एकेका शब्दाला थांबणारा दिसला की सरांचं भांडण जागच्या जागी संपायचं, आवाज एकदम मऊ व्हायचा, आणि आम्ही सगळे पळायला लागायचो.

वडगावचे एक तात्या होते. मोठं प्रस्थ. गोठ्यात पांढऱ्या गायी, दारात दोन ट्रॅक्टर. त्यांना आयसीयूतच खाट हवी होती. का, तर गावात काय तोंड दाखवायचं, साध्या वॉर्डात होतो म्हणून? त्यांच्यासाठी सरांना इकडून फोन, तिकडून फोन. सर शांतपणे तात्यांच्या खाटेपाशी गेले आणि दुधाचं काढलं. तात्या जे उसळले! "अवो, माज्या दुधाला फॅट लागत न्हाय म्हणणारा अजून जन्माला यायचाय, डेअरीत जाऊन विचारा, सकाळ-संध्याकाळ एकदा तरी दूध परत आलंय का, आन् तुमी कोण टिक्कोजीराव लागून गेला मला विचारणारं!" एका दमात. मधे स्वल्पविरामसुद्धा नाही. सरांनी टाळ्या वाजवल्या हो! "उत्तम! वाक्याचा पेशंट! तात्या, तुम्ही इथंच बरे." तात्यांना कळेना की आपण भांडणात जिंकलो का हरलो. पुढं रोज सर आले की तेच आधी विचारायचे, "आज काय काढताय, शेणाचं का?"

दुसरी एक भानगड होती मास्कची. ऑक्सिजनचा मास्क लावलेला माणूस डॉक्टर आले की काय करायचा? आधी उठून बसायचा, मग मास्क काढायचा आणि मग हात जोडायचा. तोंड झाकून मोठ्या माणसाशी बोलायचं म्हणजे उद्धटपणा! कितीही ओरडा. "आवो, डागदर उभा हायती आन् मी तोंडाला डबा लावून बोलू व्हय?" ज्याला ऑक्सिजनची सगळ्यात जास्त गरज, तोच आदरापोटी मास्क काढून बसलेला. सरांनी त्यावर शोधलेला उपाय ऐका. ते पांढरे किट घातल्यावर आम्ही सगळे सारखेच भुतासारखे दिसायचो, म्हणून छातीवर मार्करनं नाव लिहायचो. सरांनी स्वतःच्या छातीवर लिहिलं, "वायरमन". वायरमनसाठी कोण कशाला मास्क काढतंय? युक्ती चालली. फक्त दिवसभर लोक त्यांना म्हणायचे, "वायरमन, तेवढा ह्यो फॅन बघा की, नुसता खडखड करतोय." आणि सर खरोखर स्टुलावर चढून फॅन बघायचे. एकदा तर एक फॅन कायमचा बंद पाडला.

आणि रस्ते! सरांचा जन्म बारामतीतला, शाळा बारामतीतली, आणि ह्या माणसाला बारामतीतून बाहेर पडणारा एक रस्ता सांगता येईल तर शपथ. भिगवणला मासे खायला म्हणून निघाले की फलटणहून फोन करायचे. बरं, चुकतो हे मान्य आहे का? छे! "मी बरोबरच चाललो होतो, रस्ता वळला." कुणी रस्ता सांगायला गेलं की त्याच्याशीच वाद, आणि तो भांडण काढायचा वाद नव्हे बरं का, खराखुरा. त्यांच्या मते पूर्वेला काय आहे आणि पश्चिमेला काय आहे हे त्यांनी एकदा ठरवून टाकलं होतं. आता गावांनी आपापल्या जागा सोडल्या त्याला ते तरी काय करणार?

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एक दिवस माझे आण्णा आमच्याच वॉर्डात आले.

आण्णा म्हणजे माझे वडील. राहणार कळस. उभी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली, बारामती–इंदापूर रस्त्यावर, आणि सगळ्या डेपोत त्यांची ख्याती अशी की हा कंडक्टर कधी कुणाशी भांडला नाही. कंडक्टर! सुट्ट्यांवरून नाही, सीटवरून नाही, शेळी गाडीत चढवणाऱ्या म्हातारीशीसुद्धा नाही. "असू द्या मावशी, तिला बी बसू द्या." घरातही तेच. आई म्हणायची, "ह्या माणसापायी माझी भांडायची हौसच राहिली गं. आपण मोठ्या तयारीनं आवाज चढवावा आन् ह्यांनी म्हणावं, व्हय, चुकलंच माझं."

अशा माणसाची परीक्षा सर घेणार होते भांडून.

आण्णांना मास्क लावलेला होता. बोटावरचा आकडा बेताचा, पण वाईट नाही. ते खाटेवर ताठ बसलेले, केस विंचरलेले, चेहऱ्यावर हसू. बघणाऱ्याला वाटावं, कुणाला तरी भेटायला आलेत. पण त्यांच्या मानेची शीर उडत होती, ती मला दिसत होती. मला त्यांचं बसणं माहीत आहे हो, लहानपणापासून बघतेय. थकलेले असले की आण्णा जास्तच ताठ बसतात.

आयसीयूत त्या सकाळी जोरानं ऑक्सिजन देणारं एकच मशीन मोकळं होतं. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की दुपारपर्यंत ते कुणाला तरी लागणार, आणि एकदा लागलं की मग दुसऱ्यासाठी काही नाही. मी सरांना म्हटलं, "सर, आण्णांना आत घ्या." सर म्हणाले, "हे सिस्टर बोलतेय का मुलगी?" मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की काय सांगू! पण त्यांचं चुकत नव्हतं. माझ्या शब्दावर आण्णांना मशीन लावायचं आणि खरा शब्दाचा पेशंट दारात थांबायचा, हे मलाही चाललं नसतं.

"चला, आपण त्यांनाच विचारू," म्हणून सर खाटेपाशी गेले. छातीवर "वायरमन" होतंच. आण्णांनी वायरमनसाठीही मास्क काढला आणि हात जोडले. "जय भीम साहेब."

सरांनी सुरुवात केली. "तुमच्या एसटीइतकी भिकार गाडी मी जन्मात पाहिली नाही."

"व्हय साहेब."

"कधी वेळेवर आली नाही."

"खरं हाय."

"आणि कळस! हे काय गाव आहे? चहासुद्धा धड मिळत नाही."

"न्हाय मिळत साहेब." आणि वर ते गोड हसू.

झालं! दोन शब्दांच्या पुढं गाडी जाईना. दोन शब्द कोणीही बोलतो, त्यावरून श्वास कळणार कसा? सरांनी मग ठेवणीतलं सगळं बाहेर काढलं. कंडक्टर लोक सुट्टे लपवतात म्हणाले, घंटी फार जोरात मारतात म्हणाले. सगळ्याला "व्हय". पलीकडच्या खाटेवरून तात्यांना राहवेना. "आवो कंडक्टर, बोला की! एवढं ऐकून घेताय? मी असतो तर..." त्यांना सरांनी हातानंच गप्प केलं. मी सरांचे डोळे बघत होते. चष्म्याच्या आत घामानं वाफ धरलेली, आणि त्या वाफेतून हा माणूस चक्क हरलेला दिसत होता. एवढ्या मोठ्या नोकरीत त्यांना पहिल्यांदाच न भांडणारा माणूस भेटला होता. आणि तो नेमका माझा बाप असावा!

सर वळले. जाता जाता, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "जाऊ द्या. मीही लहानपणी त्या गाडीनं इंदापूरला जायचो मामाकडं. आधी लासुर्णं लागायचं, मग सणसर, मग भवानीनगर..."

"न्हाय."

मी दचकले. वॉर्डात कोण बोललं ते क्षणभर कळलंच नाही. आण्णांच्या तोंडून "न्हाय" हा शब्द असा कडक मी आयुष्यात ऐकला नव्हता.

"काय नाही?" सर परत फिरले. आणि लक्षात घ्या, हे आता औषधाचं भांडण नव्हतं. सरांना खरंच तसं वाटत होतं! "आधी लासुर्णं. मी गेलोय ना."

"लासुर्णं आधी कसं ईल? म्हंजी गाडी काय उलटी जाती व्हय?"

"सणसर नंतर आहे. मला शिकवू नका."

माणसानं एसटीला भिकार म्हटलेलं चाललं, गावाला नावं ठेवलेली चालली, चोर म्हटलेलंही चाललं. पण स्टॉपचा क्रम चुकवायचा म्हणजे काय? आण्णांनी मांडी मोडली, पाय खाली सोडले, अंगठा आणि बोट असं तिकीट फाडल्यासारखं धरलं आणि ती आरोळी काढली. मी लहान असताना सुट्टीत त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचे, तेव्हाची. स्टँडवरून गाडी निघताना ते सगळे स्टॉप एका दमात म्हणायचे, आणि इंदापूर म्हणून झालं की मगच श्वास घ्यायचे. गाडीतली पोरं त्यांच्याबरोबर श्वास धरून ठेवायची.

"बारामती-पिंपळी-काटेवाडी-भवानीनगर..."

आणि थांबले.

तोंड उघडं, खांदे वर, डोळे मोठे झालेले. "सण..." म्हणाले. पुढचं "सर" काही येईना. बोटावरच्या यंत्रातला आकडा जिन्यावरून घरंगळल्यासारखा खाली यायला लागला. मास्क पुन्हा लावला तरी वर चढेना.

सरांचा आवाज मऊ झाला. "आण्णा, बरोबर आहे तुमचं. सणसरच आधी. निजा बघू." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मशीन ह्यांना. आत्ता." खाट ढकलत नेताना मी नुसती रडत होते, आणि मागून तात्या ओरडत होते, "भले कंडक्टर! सोडू नका त्यांना! भवानीनगर आधीच हाय!"

नंतरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. मशीनचा तो सोसाट्याचा आवाज, आण्णा पालथे झोपलेले, त्यांच्या पाठीवर माझा हात. कळसला आई एकटीच खोलीत कोंडून घेऊन बसलेली, फोनवर एकच विचारायची, "गाडी कुठवर आली गं?" कारण सरांनी आता दुसरं काही विचारणंच सोडलं होतं. राउंडला आले की खाली वाकून म्हणायचे, "काय कंडक्टर, गाडी कुठवर?" आणि आण्णा म्हणून दाखवायचे. कधी पिंपळीपर्यंत. कधी काटेवाडी. एक दिवस गाडी स्टँडवरून हललीच नाही. आण्णांचे ओठ नुसते "बारामती" असे हलले. त्या दिवशी सर फार वेळ खाटेपाशी उभे राहिले, आणि बाहेर आल्यावर वायरमनच्या किटमध्येच भिंतीला टेकून खाली बसले. मला भीती वाटली. खरंच फार भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पिंपळी आली. मग काटेवाडी. मग एका सकाळी मी ड्यूटीवर पोचते न पोचते तोच सर कॉरिडॉरमधून किटचे पाय सावरत पळत आले. "सणसर! सिस्टर, सणसर ओलांडलं! बेलवाडीला आहेत!" दोन्ही हात वर करून नाचले हो ते. एवढा मोठा डॉक्टर, आणि कॉरिडॉरमध्ये फुगडी घालायचीच काय ती बाकी. ही बातमी वॉर्डात गेली, तिथून तात्यांकडं गेली. तात्या तोवर घरी गेले होते, पण रोज वडगावहून फोन करून विचारायचे, "जंक्शन आलं का?" आयसीयूतली दुसरी माणसंही बोटावर मोजायला लागली होती. लासुर्णं आलं त्या दिवशी एका आजींनी मास्कमधूनच विचारलं, "माझं अंथुर्णं कवा यायचं?"

अंथुर्णं आलं. शेळगाव आलं. मशीन सुटलं, साधा मास्क आला, मग तोही सुटला. आकडे चांगले, एक्स-रे चांगला, चालून दाखवलं तेही चांगलं. पण गाडी निमगाव केतकीला येऊन अडली. एका दमात इंदापूर काही होईना. सर हट्टाला पेटले. मी म्हटलं, "अहो सर, एका स्टॉपसाठी कुणी माणसाला हॉस्पिटलात ठेवतं का? चांगल्या धट्ट्याकट्ट्या माणसाचाही दम निमगावला संपेल." बाकीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. शेवटी त्यांनी कुरकुरत डिस्चार्जवर सही केली आणि म्हणाले, "ठीक आहे. निमगाव ते इंदापूर मी स्वतः नेऊन सोडतो."

मला वाटलं, गंमत करतायत. पण खाली आले तर हे गाडी घेऊन दारात उभे. तसंही कळसचा फाटा त्याच रस्त्याला, आणि त्या दिवसांत तिकडं जायला वाहन मिळायची मारामार होती. सरांच्या गाडीत पुढं बसायचं म्हटल्यावर आण्णा संकोचून अर्धे झाले. ते मागं बसले, अंग चोरून, मांडीवर पिशवी. मी पुढं. तिघांच्याही तोंडाला साधे मास्क, खिडक्या उघड्या.

आणि सरांनी गाडी सरळ भिगवण रस्त्याला घातली.

मी काही बोलणार तोच मागून घसा खाकरल्याचा आवाज आला. "साहेब, ह्यो रस्ता..."

"इंदापूरचा," सर म्हणाले.

"भिगवणचा हाय."

"तुम्ही आजारी होता आण्णा. तेवढ्यात बदलले रस्ते. आता इकडूनच सणसर लागतं, मग पिंपळी."

मी आरशात बघितलं. आण्णांच्या मांडीवरची पिशवी खाली पडली होती. ते पुढं सरकले, दोन्ही हातांनी सरांची सीट मागून धरली, आणि माझ्या कानाच्या एक इंचावरून आरोळी गेली, "अवो कसलं सणसर आन् कसलं पिंपळी, रस्त्याला काय पाय फुटल्यात व्हय, इकडं भिगवण हाय आन् तिकडं बारामती-पिंपळी-काटेवाडी-भवानीनगर-सणसर-बेलवाडी-लासुर्णं-जंक्शन-अंथुर्णं-शेळगाव-निमगाव केतकी-इंदापूर, आन् तुमी डागदर झाला कसं, तुमाला पास केलं कुणी!"

सरांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. चावी काढली. मागं वळून आण्णांकडं बघत बसले. डोळे भरलेले आणि गाल मास्कच्या आत थरथरतायत. आण्णांना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं आणि ते गोरेमोरे झाले. हात जोडले. "चुकलंच साहेब माझं."

"नाही," सर म्हणाले, "बोला ना. अजून बोला."

सर त्या दिवशी मुद्दाम चुकले की नेहमीसारखे चुकले, हे मी त्यांना आजवर कितीदा तरी विचारलं. ते म्हणतात, "मी बरोबरच चाललो होतो." आण्णांचं म्हणणं, ह्या माणसाला रस्ता कळतच नाही, आणि ते सांगायला ते दर आठवड्याला सरांना फोन करतात आणि तास-तास भांडतात. आई दारात बसून कौतुकानं ऐकते.

पण मी त्या गाडीत हसत आणि रडत काय बघत होते, ते सरांनीही बघितलं होतं. एवढं सगळं बोलले, सरांचा शिक्षणासकट उद्धार केला, पण आण्णांनी मास्क काढला नव्हता.